‘आपला संबंध काय?’ : कागलची जमीन आणि दप्तराचे दार

कोल्हापूरहून बंगळूरकडे निघालेला महामार्ग कागलजवळ आला, की डाव्या अंगाला एक वेगळेच शहर लागते. रुंद रस्ते, पत्र्याची एकसारखी छपरे, फाटकांवरचे पहारेकरी, पाळी सुटली की मोटारसायकलींची लांबलचक रांग. सरकारदरबारी याचे नाव कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. माणसांच्या तोंडी ‘फाईव्ह स्टार’. हॉटेलांच्या प्रतवारीतले विशेषण कारखान्यांच्या वसाहतीला कसे चिकटले असेल, याचा शोध भाषेच्या अभ्यासकांनी सवडीने घ्यावा. तळंदगे, कसबा सांगाव, पट्टणकोडोली ही गावे हिच्या अवतीभवतीची. पट्टणकोडोली हे शंकर पाटलांचे गाव आणि कागल आनंद यादवांचे. मराठी ग्रामीण साहित्यातले दोन मोठे लेखक ज्या टापूने दिले, तो हा टापू.

आमचे तिकडे जाणे झाले ते ‘गोतावळा’मुळे. यादवांची ही कादंबरी १९७१ सालची. मळ्यावर राबणारा नारबा, त्याच्या भोवतीची जनावरे, झाडे, पाखरे आणि शेवटी त्या सगळ्या गोतावळ्याला उखडून टाकणारे यंत्र. वर्गात ही कादंबरी शिकवताना आमच्या मनात आले, की ज्या भूभागाच्या भाषेतून ती उगवली, त्या भूभागातल्या शेतांची नावे काय होती हे एकदा कागदावर पाहावे. शेताला नाव असते. ते कुणी कवी देत नाही. पाण्यावरून, झाडावरून, मातीच्या रंगावरून, कधी एखाद्या विसरलेल्या भांडणावरून ते पडते. आणि आपल्याकडच्या सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक स्वतंत्र रकानाच असतो. जमीन वसाहतीत गेली, गट नंबर मोडून भूखंड क्रमांक पडले, तरी जुन्या नमुन्यांवर ती नावे शिल्लक असणारच, असा आमचा साधा हिशेब.

एका सरकारी कार्यालयात आम्ही हा हिशेब मांडला. समोरच्या लिपिकाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आपला संबंध काय? खातेदार आहात? वारस? वकील?” आम्ही मराठी शिकवतो, असे सांगितल्यावर तो हसला. त्या हसण्यात उद्धटपणा नव्हता. चुकून भलत्या खिडकीपाशी आलेल्या माणसाकडे पाहून हसावे, तसे ते होते. त्या दिवशी आम्ही परतलो. पण तो प्रश्न आमच्याबरोबर आला. सरकारी कागद कुणी पाहावा, कशासाठी पाहावा आणि पाहिल्यावर त्याचे काय करावे, याच्या दोनशे वर्षांच्या नियमांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटू लागले.

प्रथम शब्दच पाहू. दप्तर हा फारसीतून आलेला शब्द आज मराठी मुलाच्या पाठीवर आहे, पण त्याचा मूळ मुक्काम कचेरीत. कागद कापडात बांधायचे. त्या कापडाला म्हणायचे रुमाल किंवा बासन. पुढे रुमाल हे मोजमापच झाले. अमक्या दप्तरात इतके हजार रुमाल आहेत, असे संशोधक आजही म्हणतात. मराठी वाक्प्रचारांत या बांधाबांधीचे जे पडसाद उमटले आहेत, ते मात्र मासलेवाईक आहेत. एखादी गोष्ट ‘दप्तरी दाखल’ झाली म्हणजे तिचे पुढे काही होणार नाही. योजना ‘बासनात गुंडाळली’ म्हणजे ती संपली. कागद आत जातो, बाहेर येत नाही, हा लोकांचा अनुभव भाषेने किती अचूक टिपला आहे!

गावापुरते हे बासन कुलकर्ण्याच्या घरी असे. गावाचा वसूल, जमिनींची मोजणी, कुणाकडे किती बाकी, कुणाची वहिवाट, हे सगळे लिहिणारा तो. आणि वतन वंशपरंपरेचे असल्यामुळे कागदही वंशपरंपरेने त्याच्याच घरात. कचेरी आणि घर यांत भिंत नव्हती. मग कागद पाहायचा नियम कोणता? लिहिलेला कोणताच नाही. कुलकर्ण्याच्या ओसरीवर जायचे, पायरीवर किंवा अंगणात, आपापल्या जातीच्या पायरीप्रमाणे बसायचे, आणि तो जे वाचून दाखवील ते खरे मानायचे. अक्षर मोडी, वाचणारा एकटा. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधला संताप ज्यांना केवळ जातिद्वेष वाटतो, त्यांनी ही ओसरी डोळ्यांसमोर आणावी. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ साली आला. आत्रे स्वतः महसूल खात्यातले. त्यांचा सूर फुल्यांचा नाही, पण गावातला लिहिणारा आणि न लिहिणारा यांच्यातले अंतर त्यांनीही आतून पाहिलेले होते.

कागलचा संबंध इथे थेट येतो. कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यातला यशवंतराव हा मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला. त्यांच्या २६ जुलै १९०२ च्या हुकुमाबद्दल, म्हणजे संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याबद्दल, आपण सगळेच बोलतो. १९१८ सालच्या निर्णयाबद्दल मात्र इतिहासाचे विद्यार्थी सोडले तर फारसे कुणी बोलत नाही. त्या वर्षी त्यांनी कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतने खालसा केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणांनाही त्या जागा दिल्या. यावर टीकेचे मोहोळ उठले. नव्या माणसांना काम येत नाही, जुन्यांच्या पोटावर पाय आला, हा ब्राह्मणेतर राजकारणाचा डाव आहे, असे आक्षेप घेतले गेले. त्यांतले काही अगदी निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. राजकारण त्यात होतेच. परंतु कागदाच्या बाजूने पाहिले तर घडले ते असे, की गावाचे बासन एका घरातून उचलले जाऊन सरकारी माणसाच्या ताब्यात आले. ते आता कुणाच्या बापजाद्यांचे राहिले नाही. मुंबई राज्यात परगणे व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५० साल उजाडावे लागले.

तलाठ्यालाही पुढे ओसरी फुटली, हे खरे आहे. ज्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी सज्जावर हेलपाटे घातले आहेत, त्यांना ते सांगायला नको. मात्र तलाठ्याविरुद्ध तक्रार करता येते. वतनदाराविरुद्ध दाद मागणे म्हणजे गावगाड्याविरुद्धच दाद मागणे होते. हा फरक लहान नाही.

दक्षिण महाराष्ट्रातल्या घरोघरच्या जुन्या कागदांचा एक मोठा वाटा नंतर जाळपोळीत गेला. गांधीहत्येनंतर १९४८ साली कोल्हापूर-सातारा भागांत ब्राह्मणांची घरे पेटली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये तो काळ आहे. घराबरोबर माळ्यावरची बासनेही जळाली. सार्वजनिक इतिहास खासगी माळ्यावर राहिला, की तो त्या घराच्या दैवाशी बांधला जातो.

मग सरकारी भिंतींआड गेलेला कागद तरी सुरक्षित आणि खुला होता का? याचे उत्तर पुण्याच्या पेशवे दफ्तराने दिले आहे, आणि ते संमिश्र आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिचे कागद इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांना त्यांत इतिहास दिसत नव्हता. जमिनी दिसत होत्या. कुणाचे इनाम खरे, कुणाचे बनावट, हे ठरवण्यासाठी त्यांना ते रुमाल हवे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि जुन्या सनदा तपासण्याचा सपाटा सुरू झाला. दप्तराचा पहिला मोठा वाचक असा कर बसवणारा अधिकारी होता. दप्तर ज्या कचेरीच्या ताब्यात गेले, तिचे नावच ‘एलियनेशन ऑफिस’, म्हणजे सारामाफीच्या जमिनींचा हिशेब ठेवणारे खाते. अभ्यासकाला तिथे जागा नव्हती, कारण अभ्यासकाचा ‘संबंध’ काय?

न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सरकारी प्रतिष्ठा असलेल्या माणसाच्या पुढाकाराने पेशव्यांच्या रोजनिश्यांतले निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी काढले आणि पुढे ते छापले गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. ते गावोगाव पायपीट करत खासगी घराण्यांचे माळे धुंडाळत राहिले. राजवाड्यांच्या या भटकंतीचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे; परंतु पुण्यातच एवढे मोठे दप्तर कुलूपबंद असताना मराठ्यांच्या इतिहासाच्या सर्वांत मोठ्या साधनसंग्राहकाला खेडोपाडी हिंडावे लागले, ही त्या कौतुकाची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. मराठी इतिहासलेखनावर खासगी सरदार घराण्यांच्या पत्रव्यवहाराची जी छाप आहे, ती काही अंशी तरी या कुलपाने पाडलेली आहे.

कुलूप उघडले तेही अर्धेच. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, जदुनाथ सरकारांच्या पाठिंब्याने, सरकारने त्यांना दप्तरात नेमले आणि १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. अफाट काम. पण ‘निवडलेले’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. निवड कुणी केली? सरकारने नेमलेल्या एका विद्वानाने. कशाची केली? मुख्यतः राजकारणाच्या आणि मोहिमांच्या कागदांची. गावचे हिशेब, वसूल, न्यायनिवाडे, पिके आणि दर यांचे हजारो रुमाल मागे राहिले. पुण्याच्या इतर संशोधकांची तक्रार अशी होती, की आम्हाला आत येऊ द्या, आमची निवड आम्ही करू. दीपेश चक्रवर्ती यांनी जदुनाथांवरच्या २०१५ च्या ग्रंथात हा वाद विस्ताराने मांडला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा, कारण संपादकाची निवड म्हणजे काय, हा प्रश्न आपलाही आहे. त्या काळी आत प्रवेश मिळालेल्या अभ्यासकालाही उतरून घेतलेल्या टिपणांची तपासणी करून घ्यावी लागे. पाहण्याची परवानगी एक, वापरण्याची दुसरी.

कोल्हापूरच्या वाट्याला याहून बरे दिवस आले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानी दप्तर राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे आले. कोल्हापुरात त्याचे स्वतंत्र पुराभिलेखागार आहे. विलास संगवे आणि बी. डी. खणे यांनी शाहूंच्या पत्रव्यवहाराचे जे खंड संपादित केले, त्यांमुळे शाहूंवरचे लेखन गौरवगीतांतून बाहेर पडून पुराव्यावर आले. १९०२ चा हुकूमही आज आपण शब्दशः वाचू शकतो तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला म्हणून.

आता कायद्यांकडे वळू. इथे थोडा रुक्षपणा वाचकांनी सोसावा. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक मजेदार कलम होते. सरकारी दस्तऐवज पाहण्याचा ज्याला हक्क आहे, त्याने फी भरून मागितल्यास अधिकाऱ्याने नक्कल द्यावी. छान! पण पाहण्याचा हक्क कुणाला? त्याबद्दल ते कलम गप्प. (२०२४ साली नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यातही रचना तीच आहे.) १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने त्या मानाने मोठे पाऊल टाकले. तिच्या ३२७ व्या कलमाप्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख, नियम आणि फी यांच्या अधीन राहून, कचेरीच्या वेळेत लोकांना पाहण्यासाठी खुले आहेत. कलमात ‘लोकांना’ असे आहे. ‘खातेदारांना’ असे नाही. तपासणी, शोध आणि नकला यांचे नियम १९७० साली झाले. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला ‘आपला संबंध काय?’ असे विचारले गेले, त्या दिवशी कायदा आमच्या बाजूने होता. लिपिकाला तो ठाऊक नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हता.

सवय कायद्यापेक्षा जुनी असते, आणि कायदेही अनेकदा सवयीच्याच भाषेत बोलतात. वसाहतीच्या शेजारच्या माणसाला सांडपाण्याची चिंता असेल, तर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात त्याच्यासाठी तरतूद आहे. कारखान्याला घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि ती पाहता यावी. कुणाला? ज्याचा हितसंबंध आहे किंवा जो बाधित आहे, त्याला. पुन्हा संबंध! दूधगंगा-पंचगंगेचे पाणी पिणाऱ्याने आधी आपण ते पितो हे सिद्ध करायचे.

वसाहत ज्या कायद्याने उभी राहते, तो १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम. १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळ स्थापन झाले. या कायद्याच्या ३२ व्या कलमाने जमीन संपादित होते, आणि त्याची पद्धत साहित्याच्या माणसाने वाचण्यासारखी आहे. शासनाने आधी जमिनीच्या मालकाला, आणि ज्या इतर व्यक्तीचा तीत हितसंबंध असावा असे शासनाला वाटेल तिला, नोटीस द्यायची : ही जमीन का घेऊ नये, याचे कारण दाखवा. कारणे ऐकून झाल्यावर राजपत्रात सूचना प्रसिद्ध होते, आणि त्या तारखेपासून जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन शासनाकडे निहित होते. मालकाने आपलीच जमीन आपल्याकडे का राहावी, याचे कारण द्यायचे. ‘बोजा’ या शब्दात काय काय येते, ते पाहावे. बँकेचे कर्ज येते, गहाण येते. आणि कुणाची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट तेवढीच असेल, नोंद नसेल, तर ती बोजा म्हणूनही कागदावर येत नाही.

इथे आम्हाला ‘झोंबी’ आठवते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातले कुटुंब दुसऱ्याच्या जमिनीत फाळ्याने राबते. घाम त्यांचा, नाव मालकाचे. सातबाऱ्यात या माणसांसाठी जागा नव्हती असे नाही. नमुना सातात ‘इतर अधिकार’ हा रकाना आहे, तिथे कुळाची नोंद होते. नमुना बारात कोण कसतो आणि कोणत्या रीतीने कसतो, याची जागा होती. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, आणि त्या दिवशी ज्याचे नाव त्या रकान्यात होते तो मालक झाला. ज्याचे नव्हते तो मजूर राहिला. रकाना भरला की नाही, हे कुणाला कळत होते? फेरफाराची नोंद चावडीवर लावावी, असा नियम आहे. परंतु जो वाचू शकत नाही, ज्याला चावडीच्या पायरीपाशी थांबणे परवडत नाही, त्याच्या दृष्टीने चावडीवर लावलेला कागद आणि बासनातला कागद यांत फरक तो काय? २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्यांतल्या चुका शोधण्यासाठी राज्यात ‘चावडी वाचन’ झाले. उतारे मोठ्याने वाचून दाखवले गेले. आम्हाला ती कल्पना फार आवडली. कुलकर्ण्याच्या ओसरीवरचे वाचन शेवटी सर्वांसमक्ष झाले, तेही साठ वर्षे उशिरा.

तेव्हा ज्या दिवशी ३२ व्या कलमाची नोटीस गावात येते, त्या दिवशी ‘हितसंबंध’ कुणाचा, हे आधीच्या पन्नास वर्षांच्या नोंदींनी ठरवून टाकलेले असते. जुना कागद पाहता येणे हे मोबदल्याचे, पुनर्वसनाचे, पोराच्या नोकरीच्या अर्जाचे प्रश्न होऊन बसते. साहित्याच्या वर्गात आपण ‘अनुभवाची अस्सलता’ वगैरे बोलतो. कचेरीत अस्सल म्हणजे साक्षांकित.

‘आपला संबंध काय?’ हा प्रश्न कायद्याने उघडपणे रद्द केला तो २००५ साली. स्वीडनने छापील स्वातंत्र्याच्या कायद्यातून सरकारी कागद १७६६ सालीच खुले केले होते. आपल्याकडे राजस्थानातल्या मजुरांनी हजेरीपटांच्या नकला मागितल्या, तेव्हा या मागणीला लोकभाषा मिळाली. गोव्याचा कायदा १९९७ चा. महाराष्ट्राचा पहिला कायदा २००० सालचा, आणि तो पुरता लंगडा. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर त्याच्या जागी बराच सुधारलेला दुसरा कायदा आला. मग केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण अमलात आला. त्याच्या सहाव्या कलमात म्हटले आहे, की माहिती मागणाऱ्याला मागण्याचे कोणतेही कारण देण्याची आवश्यकता नाही. १९६१ च्या कायद्यात जमीन राखण्यासाठी कारण दाखवावे लागत होते. २००५ च्या कायद्यात कागद मागण्यासाठी दाखवावे लागत नाही. या दोन कलमांच्या मध्ये चव्वेचाळीस वर्षे आहेत. दुसरी एक गोष्ट अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. या कायद्यातल्या ‘अधिकारा’त नकलेइतकेच अभिलेखाची पाहणी करणे, टिपणे घेणे, उतारे घेणे हेही येते. आणि वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार, मंत्रिमंडळाचे कागद असे मोजके अपवाद सोडता, नाकारता येत नाही.

यालाही नियमांची कुंपणे पडली. महाराष्ट्राने २०१२ साली नियम केला, की अर्ज एकाच विषयाचा असावा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांत बसावा. हा एक नवा वाङ्मयप्रकारच म्हणावा लागेल! आमच्यातल्या एका मित्राचे म्हणणे असे, की मराठी लेखकांना हा नियम लावला असता तर बरे झाले असते. विनोद बाजूला ठेवला तरी, ज्याला आयुष्यात अर्ज लिहिण्याची सवय नाही त्याला आपले गाऱ्हाणे १५० शब्दांत, एका विषयात, कागदाचे नेमके नाव घेऊन मांडायला लावणे म्हणजे दाराला पुन्हा एक उंबरठा घालणे होय. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने कलम ८ (१) (ञ) ची शब्दरचना बदलली. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होते, असे पाहावे लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द उरले. व्यापक जनहिताची वेगळी तरतूद कायम आहे, तरीही सातबारा हा तर नावांचाच कागद. तो उद्या कुणाची वैयक्तिक माहिती ठरला तर?

पुराभिलेखागाराचे दार निराळ्या किल्लीने उघडते. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायद्यात १८९२ पूर्वीचा कागद नष्ट करण्याला जवळजवळ संपूर्ण मनाई आहे. बेकायदा नाश करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राचा असा कायदा २००५ चा. मात्र केंद्रीय कायद्यानुसार तीस वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले अभिलेख खुले होतात ते ‘प्रामाणिक संशोधका’साठी. प्रामाणिक कोण? विद्यापीठाचे पत्र आणील तो. म्हणजे कोणताही नागरिक वीस वर्षांपूर्वीची माहिती कारण न देता मागू शकतो, पण तीस वर्षांपूर्वीचा कागद पाहायला त्याला संशोधक व्हावे लागते! आम्हा मास्तरलोकांना ते पत्र सहज मिळते, म्हणून या विसंगतीची टोचणी आम्हाला लागत नाही. कसबा सांगावच्या शेतकऱ्याच्या मुलीला ती लागेल.

शिवाय मोडी आहेच. दार उघडले, फी भरली, रुमाल सुटला, आणि समोर न वाचता येणारे अक्षर. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा अवघ्या राज्याला एकदम मोडी वाचकांची आठवण झाली. त्या मागणीच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. पण पुराभिलेख खाते वर्षानुवर्षे मोडीचे वर्ग चालवत होते. तिथे मराठी विभागांचे विद्यार्थी किती जात होते, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला आणि उत्तर खाली मान घालायला लावणारे होते.

कागद हाती आल्यावर वापराचा प्रश्न येतो. राजपत्र आणि अधिनियम छापायला १९५७ चा लेखाधिकार कायदा मोकळीक देतो. सरकारच्या इतर प्रकाशनांवर साठ वर्षे सरकारचा हक्क. याहून अवघड गोष्ट कायद्यात नाही. जुन्या नोंदींत जातीची नावे असतात, कर्जे असतात, वारसांची भांडणे असतात, आणि त्यांची नातवंडे शेजारच्याच गावात राहतात. आमचे मत असे, की अशा नोंदींतून नावे वगळून अभ्यास करावा. शेतांची नावे मात्र निःसंकोच छापावीत. त्यांना वारस नाहीत.

असो. आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला अर्ज होता, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प होता, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत होता. कारण लिहिले नव्हते. तिसाव्या दिवशी पाहणीसाठी बोलावणे आले. पूर्वीचाच लिपिक होता. त्याने या वेळी काही विचारले नाही; टेबल पुसून दिले, वही पुढे सरकवली आणि पंख्याने पाने उडू नयेत म्हणून त्यावर आपला डबा ठेवला. दुपारभर आम्ही ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना वाचत होतो. बहुतेक ठिकाणी तो कोरा होता. जिथे भरला होता, तिथे कुणा तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात कुठे माळ, कुठे ओढा, कुठे एखादे झाड, आणि तीन-चार नावे अशी, की त्यांचा अर्थ ना आम्हाला लागला ना लिपिकाला. आम्ही ती उतरून घेतली. कोऱ्या रकान्यांसाठी आता गावात म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे लागेल; ऊसतोड संपली, की जायचे ठरले आहे.